ग्राहकांची माहिती फुटल्यावर कोणाला, कधी आणि काय कळवायचे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘सिटा’ या कंपनीच्या संगणक यंत्रणेत चोरटे शिरले. जगातल्या अनेक विमान कंपन्यांच्या प्रवाशांच्या नोंदी या यंत्रणेत असत आणि एअर इंडिया त्यांपैकीच एक होती. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदलेल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. त्यात नावे, जन्मतारखा, पासपोर्टचे आणि तिकिटांचे तपशील होते, क्रेडिट कार्डांचीही माहिती होती. नेमके कोणते प्रवासी यात आहेत, हे एअर इंडियाला सिटाकडून २५ मार्च आणि ५ एप्रिलला समजले. मार्चमध्ये एअर इंडियाच्या वेबसाइटवर एक सूचना लागली होती. प्रवाशांना सविस्तर ई-मेल मिळाला तो मे महिन्यात.

मधल्या आठवड्यांत प्रवाशाला बरेच काही करता आले असते. कार्ड बदलून घेता आले असते, बँकेच्या व्यवहारांवर नजर ठेवता आली असती, ‘तुमच्या तिकिटाचा रिफंड आला आहे’ असे सांगणाऱ्या फोनवर संशय घेता आला असता. पण ज्याला काही कळलेच नाही, तो सावध कसा होणार?

माहिती फुटल्यावर कळवण्याचे जे कायदे आहेत, त्यांचा गाभा एवढाच आहे. नियामकाला कळवले की तपास सुरू होतो, पण नुकसान टाळणे बहुतेक वेळा ग्राहकाच्याच हातात असते आणि त्यासाठी त्याला वेळेत कळावे लागते. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः अशा व्यावसायिकांसाठी आहे, ज्यांच्याकडे स्वतंत्र कायदा विभाग नाही. पॅथॉलॉजी लॅब, दवाखाने, क्लासेस, पतसंस्था, ट्रॅव्हल कंपन्या, ऑनलाइन विक्री करणारे छोटे उद्योग, यांच्याकडेही हजारो लोकांची माहिती असते आणि कायदा त्यांनाही लागू होतो.

‘डेटा ब्रीच’ कशाला म्हणायचे?

हॅकरने बाहेरून येऊन फाइली पळवल्या तरच ब्रीच, असा समज सर्रास आढळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधली व्याख्या त्याहून बरीच रुंद आहे. परवानगीशिवाय केलेला वापर, चुकून उघड होणे, चुकून बदल होणे, नष्ट होणे आणि माहिती आपल्यालाच उघडता न येणे, हे सगळे तिच्यात येते. या व्याख्येत बसणारे रोजच्या व्यवहारातले काही प्रसंग पाहा:

- क्लासच्या विद्यार्थ्यांची नावे, मोबाइल नंबर आणि फी थकबाकी असलेली एक्सेल फाइल चुकून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली.
- नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन बंद केले नव्हते आणि त्याने ग्राहकांची यादी उतरवून घेतली.
- रुग्णांच्या नोंदी असलेला लॅपटॉप एसटीत राहिला.
- रॅन्समवेअरने सर्व फाइली कुलूपबंद केल्या. माहिती बाहेर गेल्याचे दिसत नाही, पण ती उघडताही येत नाही.

धोका किरकोळ वाटला म्हणून कळवायचे टाळावे, अशी मोकळीक आपल्या कायद्यात नाही. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात लोकांच्या हक्कांना धोका संभवत नसेल तर नियामकाला कळवण्यातून सूट मिळते. आपल्याकडे मात्र वैयक्तिक माहितीचा ब्रीच झाला की या कायद्याने नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींपैकी प्रत्येकाला कळवायचे, असाच नियम आहे. नवउद्योगांना या कायद्याच्या काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण ब्रीच कळवण्याचे कलम त्या सवलतीत येत नाही.

कोणाला, किती वेळात?

सर्ट-इन : ६ तास. देशातल्या सायबर घटना हाताळणाऱ्या या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आजही लागू आहेत. डेटा ब्रीच आणि डेटा लीकसह वीस प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांत कळवायच्या असतात. ई-मेल, फॅक्स किंवा १८००-११-४९४९ या टोल-फ्री क्रमांकावर कळवता येते. सहा तासांत तपास पूर्ण होत नाही, तशी अपेक्षाही नाही. हाताशी असेल तेवढी माहिती द्यायची, बाकीची नंतर जोडायची. ही जबाबदारी फक्त मोठ्या कंपन्यांची नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ज्याला ‘बॉडी कॉर्पोरेट’ म्हटले आहे, त्यात भागीदारी फर्म, एकल मालकीचा व्यवसाय आणि व्यापारासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींची संस्थाही येते. ‘आमची पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, मग आम्हाला कशाला कळवायचे?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आपल्या क्षेत्राचा नियामक. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकाने बँकांना असामान्य सायबर घटना २ ते ६ तासांत कळवायला सांगितले. शेअर बाजाराशी संबंधित नोंदणीकृत संस्थांना सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या चौकटीनुसार ६ तासांची मुदत आहे. दूरसंचार कंपन्यांना २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार ६ तासांत पहिली खबर आणि २४ तासांत पुढचा तपशील केंद्र सरकारला द्यावा लागतो. विमा क्षेत्रासाठी विमा नियामकाच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आहेत. एका ठिकाणी कळवले म्हणजे दुसरीकडे आपोआप पोचते असे नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळे कळवून प्रत्येकाची पोच जपून ठेवावी.

डेटा संरक्षण मंडळ : विनाविलंब, आणि मग ७२ तास. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळ स्थापन करण्याची तरतूद लगेच लागू झाली. ब्रीच कळवण्याची तरतूद अधिसूचनेनुसार त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते. मधला काळ तयारीसाठीच दिलेला आहे.

बाधित व्यक्ती : विनाविलंब. यासाठी तासांची मोजणी नियमात नाही. त्याचा अर्थ सवडीने कळवा असा होत नाही. कोणाची माहिती गेली हे समजल्यावर थांबायला कारण उरत नाही.

पुण्या-मुंबईत बसून परदेशी कंपन्यांचे काम करणाऱ्यांसाठी गणित थोडे वेगळे आहे. परदेशी कंपनीशी झालेल्या करारानुसार परदेशातल्या लोकांची माहिती इथे हाताळली जात असेल, तर २०२३ च्या कायद्यातले कळवण्याचे कलम लागू होत नाही. सुरक्षेची जबाबदारी मात्र राहते आणि सर्ट-इनचे सहा तासही राहतात. युरोपातल्या ग्राहक कंपनीला तिच्या नियामकाकडे ७२ तासांत जायचे असते आणि आपण तिला अनावश्यक विलंब न करता कळवायचे असते. करारात अनेकदा २४ किंवा ४८ तासांची मुदत लिहिलेली असते. ती पाहून ठेवली पाहिजे.

मुदत कोणत्या क्षणापासून मोजायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘आमच्या आयटीवाल्याने खात्री करून सांगितले, तेव्हा आम्हाला कळले’ हे उत्तर टिकत नाही. कोणी लक्षात आणून दिले तरी मुदत सुरू होते. ग्राहकाने काउंटरवर येऊन ‘माझा रिपोर्ट मला इंटरनेटवर दिसला’ असे सांगितले, किंवा एखाद्या सुरक्षा संशोधकाने चौकशीच्या ई-मेल पत्त्यावर पत्र पाठवले आणि ते न उघडता पडून राहिले, तरी तो क्षण विचारात घेतला जाऊ शकतो. म्हणून काउंटरवरच्या आणि फोन घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवावी: अशी तक्रार आली की तारीख, वेळ, सांगणाऱ्याचे नाव आणि नंबर लिहून घ्यायचा आणि त्याच मिनिटाला ठरलेल्या व्यक्तीला फोन करायचा.

सुट्टीचा दिवस ही सबब चालत नाही, हल्लेखोर सुट्टीच पाहून येतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला तो शनिवारी. दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी कोट्यवधी रुपये काढले गेले. सोमवारी आणखी रक्कम परदेशी खात्यात वळवली गेली आणि एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. जबाबदार व्यक्तीचा रविवारीही उचलला जाणारा नंबर आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाचे नाव, ही तयारीतली पहिली नोंद असली पाहिजे.

पहिल्या सहा तासांत काय करावे?

१. वही उघडा. कोणाला काय कधी दिसले, कोणी काय केले, हे वेळेसह लिहायला सुरुवात करा. मंडळाकडे आणि पोलिसांकडे पुढे जे सांगायचे, त्याचा आधार हीच नोंद.

२. यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण फॉरमॅट करू नका. घाईघाईत सर्व्हर पुसून नव्याने सुरू करण्याचा मोह होतो. त्यात चोर कुठून आला आणि काय घेऊन गेला, याचा पुरावाही पुसला जातो. तज्ज्ञाने सांगेपर्यंत यंत्र बंदही करू नये, कारण मेमरीतली माहिती बंद केल्यावर जाते.

३. लॉग सुरक्षित करा. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. नव्या नियमांत ही मुदत एक वर्षाची आहे. जुने लॉग आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती ताबडतोब थांबवा आणि प्रत काढून ठेवा.

४. पासवर्ड बदला, दुसऱ्या यंत्रावरून. बाधित यंत्रावरून बदललेला पासवर्ड चोरट्याला तत्काळ दिसू शकतो.

५. सॉफ्टवेअर पुरवठादाराला लेखी विचारा. बिलिंग किंवा रिपोर्टचे सॉफ्टवेअर दुसऱ्याचे असले तरी ग्राहकासमोर आणि मंडळासमोर जबाबदारी तुमची. कायद्याने ती पुरवठादारावर ढकलता येत नाही.

६. सर्ट-इनला कळवा. मग क्षेत्रीय नियामकाला. पैशाची फसवणूक सुरू झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे.

ही कामे चालू असताना निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी. मालक, आयटी सांभाळणारा आणि वकील, तिघांनी तीन ठिकाणी तीन आकडे सांगितले की पुढे ते जुळवता जुळवता विश्वास जातो.

मंडळाला काय सांगायचे?

मंडळाला दोन टप्प्यांत कळवायचे असते. पहिली खबर विनाविलंब द्यायची: काय झाले, किती व्याप्ती, केव्हा, कुठे आणि काय परिणाम संभवतो. त्यानंतर, घटना कळल्यापासून ७२ तासांच्या आत, सविस्तर अहवाल द्यायचा. त्यात या गोष्टी हव्यात:

- पहिल्या खबरीतल्या माहितीचा अद्ययावत तपशील
- घटना कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे घडली
- धोका कमी करण्यासाठी केलेले आणि करायचे उपाय
- ब्रीच करणाऱ्याबद्दल काही आढळले असेल तर ते
- पुन्हा तसे घडू नये म्हणून केलेली दुरुस्ती
- बाधित व्यक्तींना कसे आणि कधी कळवले, याचा अहवाल

शेवटचा मुद्दा नीट वाचा. ग्राहकांना काय कळवले हे मंडळाला ७२ तासांत सांगायचे आहे, म्हणजे तोवर ग्राहकांना कळवण्याचे काम सुरू झालेले असायला हवे. आधी मंडळाचे निस्तरू, मग ग्राहकांकडे वळू, असा क्रम चालणार नाही. ७२ तास पुरत नसतील तर लेखी विनंती करून मुदत वाढवून मागता येते.

जे माहीत नाही ते ‘तपास चालू आहे’ असे लिहावे. अंदाजाने लहान आकडा देऊन आठवड्याने तो दहापट करणे, यासारखे वाईट काही नाही.

ग्राहकाला काय सांगायचे?

नियमांत पाच गोष्टी मागितल्या आहेत: ब्रीचचे स्वरूप, व्याप्ती आणि वेळ, त्या व्यक्तीवर होऊ शकणारे परिणाम, तुम्ही केलेले उपाय, तिने स्वतः घ्यायची काळजी, आणि प्रश्नांना उत्तर देऊ शकेल अशा माणसाचा संपर्क. हे सगळे थोडक्यात, स्पष्ट आणि साध्या भाषेत. समजा, जिल्ह्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरवर असा प्रकार घडला, तर पत्र असे लिहिता येईल:

> नमस्कार,
>
> ९ तारखेला रात्री आमच्या रिपोर्टच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी परवानगीशिवाय शिरले. ११ तारखेला सकाळी ते आमच्या लक्षात आले. तुमचे नाव, वय, मोबाइल नंबर आणि जानेवारीपासूनचे तपासणी रिपोर्ट त्यांच्या हाती लागले आहेत. आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील आम्ही ठेवत नाही, त्यामुळे ते गेलेले नाहीत.
>
> या माहितीच्या आधारे तुम्हाला फसवे फोन येऊ शकतात. तपासणीचा उल्लेख करून कोणी पैसे, ओटीपी किंवा विमा पॉलिसीचा नंबर मागेल. आमच्याकडून असा फोन कधीही येणार नाही. आल्यास काहीही सांगू नका, फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.
>
> आम्ही तो सर्व्हर वेगळा काढला आहे, सर्व पासवर्ड बदलले आहेत आणि सर्ट-इनला कळवले आहे. रिपोर्टमध्ये कोणी फेरफार केला आहे का, याची तपासणी चालू आहे. या काळातला रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा असेल, तर आमच्याकडून मूळ नोंदीशी पडताळून घ्या. त्याचे पैसे लागणार नाहीत.
>
> शंका असल्यास तुमच्या पावतीवर छापलेल्या नंबरवर सकाळी ८ ते रात्री ९ या वेळेत फोन करा आणि व्यवस्थापकांशी बोला. पुढची माहिती शुक्रवारपर्यंत कळवू. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.

या पत्रात काय गेले आणि काय गेले नाही, दोन्ही सांगितले आहे. दुसरी बाजू सांगितली नाही तर लोक घाबरून बँक खाती बंद करायला धावतात. फसवा फोन कसा असेल हे नमुन्यासह सांगितले आहे, कारण ‘सावध राहा’ एवढ्याने कोणी सावध होत नाही. माहिती बदलली गेली असण्याची शक्यता सांगितली आहे. रक्तातल्या साखरेचा आकडा बदलला, तर औषधाची मात्रा बदलू शकते. आणि पत्रात एकही लिंक नाही.

कोणती वाक्ये टाळावीत, तेही पाहू. ‘आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे’ या वाक्याने ग्राहकाला काही कळत नाही आणि त्या दिवशी ते त्याला झोंबते. ‘काही मर्यादित माहिती’ असे मोघम लिहू नये, कोणती ते लिहावे. ‘गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही’ हे फक्त तेव्हाच लिहावे, जेव्हा लॉग पाहून खरोखर शोध घेतलेला असेल. लॉगच नसतील, तर पुरावा न आढळण्याला काही अर्थ नाही.

पोचवायचे कसे?

नियमांनुसार ग्राहकाच्या यूजर अकाउंटवर किंवा त्याने नोंदवलेल्या संपर्कमार्गाने कळवायचे. वेबसाइटवर सूचना लावली म्हणजे भागले, असे नाही. प्रत्येकाला कळले पाहिजे.

एसएमएसने कळवायचे असेल तर एक अडचण आधीच सोडवून ठेवावी लागते. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत टेम्प्लेट म्हणून आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ऐनवेळी लिहिलेला मजकूर जातच नाही. मोकळ्या जागा ठेवलेले दोन-तीन टेम्प्लेट आजच मंजूर करून ठेवा. मराठी एसएमएसच्या एका भागात ७० अक्षरचिन्हेच बसतात, म्हणून एसएमएस फक्त लक्ष वेधण्यापुरता ठेवा आणि सविस्तर मजकूर पत्राने, ई-मेलने किंवा अकाउंटमध्ये द्या.

घरातल्या माणसांचाही विचार हवा. आपल्याकडे आईच्या नावावरच्या नोंदीत मुलाचा नंबर असतो, सुनेच्या रिपोर्टसाठी सासऱ्यांचा. एसएमएसमध्ये तपासणीचे किंवा आजाराचे नाव आले, तर ब्रीच कळवताना आपणच आणखी एक ब्रीच करतो. वयस्कर ग्राहकांना फोन करावा. पतसंस्थेत पिग्मी एजंट रोज सभासदांच्या दारात जातात. लेखी सूचनेच्या जोडीला त्यांच्याकडून छापील पत्रक देता येते, मात्र त्यांना आधी नीट समजावून, तेवढेच बोलायला सांगून पाठवावे.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. या कायद्याने संमती मागतानाची माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला आहे आणि मराठी त्या परिशिष्टात आहे. संमती मराठीत घेतली असेल, तर संकटाची बातमी इंग्रजीत देणे अन्यायाचे ठरेल.

या कामासाठी नवी वेबसाइटही उघडू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. कंपनीने चौकशीसाठी वेगळ्याच नावाची वेबसाइट काढली. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेबसाइटचा पत्ता कंपनीच्या ट्विटर खात्यावरूनच लोकांना दिला गेला. धोका दाखवून देण्यासाठी एका तज्ज्ञाने ती बनवली होती म्हणून अनर्थ टळला. ग्राहकाला जो नंबर आणि जी वेबसाइट वर्षानुवर्षे माहीत आहे, तीच वापरावी.

झाकून ठेवण्याची किंमत

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा सल्ला इथे महागात पडतो. उबरने २०१६ मधली ५.७ कोटी लोकांच्या माहितीची चोरी एक वर्षाहून अधिक काळ लपवली आणि हॅकरना एक लाख डॉलर दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघड झाले, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या राज्यांशी १४.८ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली आणि २०२२ मध्ये कंपनीच्या माजी सुरक्षाप्रमुखाला ज्युरीने दोषी ठरवले. बुकिंग डॉट कॉमचे प्रकरण आणखी बोलके आहे. त्यात चार हजारांच्या आसपास ग्राहक होते. नेदरलँड्सच्या नियामकाने २०२१ मध्ये जाहीर केलेला ४ लाख ७५ हजार युरोचा दंड फक्त २२ दिवस उशिरा कळवल्याबद्दल होता.

आपल्या कायद्यात सुरक्षेचे पुरेसे उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि ब्रीच न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे चूक एक आणि ती लपवणे ही वेगळी दुसरी चूक. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. दंड ठरवताना मंडळाने घटनेचे गांभीर्य आणि माहितीचा प्रकार पाहायचा असतो. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केले आणि ते किती वेळेत केले, हेही पाहायचे असते. वेळेवर कळवल्याचा उपयोग इथे होतो.

असे पत्र तुम्हाला आले तर

आपण सगळेच कोणाचे ना कोणाचे ग्राहक आहोत. पत्र आल्यावर प्रथम ते खरे आहे का ते पाहा. त्यातल्या नंबरवर फोन न करता जुन्या बिलावरच्या नंबरवर करा. कोणती माहिती गेली ते स्पष्ट विचारा. पासवर्ड गेला असेल तर तो जिथे जिथे वापरला असेल तिथे बदला, कार्ड गेले असेल तर बँकेकडून बदलून घ्या. पत्र जपून ठेवा. समाधान झाले नाही, तर नव्या कायद्यात आधी कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे आणि मग मंडळाकडे जाता येईल. मंडळाने ठोठावलेला दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो, तुमच्या हातात येत नाही. मात्र विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्गही आहे.

या आठवड्यात करून ठेवायची कामे

- कोणाची, कोणती माहिती, कुठे ठेवली आहे आणि कोण कोण उघडू शकते, याची एक यादी करा. जी माहिती लागत नाही ती ठेवूच नका. वरच्या पत्रात ‘आधार क्रमांक आम्ही ठेवत नाही’ असे लिहिता आले, ते आधीच घेतलेल्या निर्णयामुळे.
- सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या करारात ब्रीच कळवण्याची मुदत तासांत लिहून घ्या. तुम्हाला सहा तास आहेत, तर त्याला त्याहून कमी हवेत.
- सर्ट-इन, क्षेत्रीय नियामक, सायबर पोलीस, वकील आणि तांत्रिक मदत यांचे नंबर कागदावर छापून ठेवा. संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी कामाला येत नाही.
- ग्राहकांसाठीच्या पत्राचा मसुदा मराठीत तयार ठेवा आणि कायदा न जाणणाऱ्या कोणाला तरी वाचायला देऊन त्याला काय समजले ते विचारा.
- वर्षातून एकदा, शक्यतो शनिवारी, रंगीत तालीम करा. ‘फाइल फुटली’ असे सांगून पहिला फोन कोणाला जातो आणि सर्ट-इनचा मसुदा किती वेळात तयार होतो, ते पाहा.

चोरी शंभर टक्के रोखू, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्याकडे विश्वासाने माहिती ठेवणाऱ्या माणसाला ती फुटल्याचे चोराच्या फोनवरून किंवा वर्तमानपत्रातून न कळता आपल्याकडून कळेल, एवढी व्यवस्था मात्र प्रत्येक दुकान, दवाखाना, पतसंस्था आणि कंपनी करू शकते. तिला फार खर्च लागत नाही. ती मे २०२७ ची वाट न पाहता आजच करून ठेवावी, कारण सर्ट-इनचे सहा तास आजही लागू आहेत आणि फसवणुकीचे फोनही आजच येत आहेत.